उणे तीन बिबड्या

फैजपूरला, स्टँडमागे, पाण्याच्या मोटारी बांधणाऱ्याच्या वर
माझी खोली.
खाली दिवसभर तांब्याची तार गुंडाळतात,
वर मी.
बाहेर चव्वेचाळीस. लॅपटॉपचा पंखा
दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.

कोकिळामावशी भंगाळे जिना चढून येते,
वहीत बोट घालून, पान हरवू नये म्हणून.
"झालं का वं दुकान आपलं?"
झालं मावशी. हे तुमचं नाव.
ह्या बिबड्या: लसणाच्या, तिळाच्या, साध्या.
ती पडद्यावर वाकते,
फोटोतल्या बिबडीची कड नखानं उचलून पाहते.
"ही कच्ची होती. हिचा कायले काढला फोटो?"

तीन आठवडे बांधतेय मी हे दुकान.
टोपली, पैशांची खिडकी,
पिनकोडची चाळणी: सहा आकडे असतील तर आत,
नाहीतर लाल.
पत्त्याला शंभर अक्षरं पुरतील असं वाटलं होतं.
पहिल्याच गिऱ्हाइकानं लिहिलं,
डेअरीवरून आत, निंबापासून तिसरं घर, निळं गेट,
कुत्रं आहे पण
आणि तिथं शंभर भरली.
कुरिअरवाला गेटबाहेरूनच परत.

मग शेकड्याचा घोळ.
शेकडा म्हणजे शंभर, मी लिहिलं.
दुसरं काय लिहिणार?
मावशीचा हात मात्र शंभरावर थांबत नाही.
पाच-पाचच्या वीस थप्प्या,
आणि एक थप्पी वर, काही न बोलता,
जशी भाजीवाली कोथिंबीर टाकते.
पडद्यावर माल शिल्लक, फळीवर डबा रिकामा.
नाशिकच्या एका बाईंचा मेसेज आला,
पाच जास्त निघाल्या, तुमचं बिल चुकलं का?
मावशीनं माझाच फोन ओढून बोलून पाठवलं,
"फुटतात माय, गाडीत. तुले शंभर पोचल्या पाह्यजे ना."

मी नवा रकाना काढला.
नाव दिलं: वरकड. किंमत: पाच.
आता शेकड्यामागे एकशे पाच वजा.
खूश होऊन झोपले.

रात्री दीडला फोन थरथरला. ऑर्डर.
साठा: उणे तीन.

लाईट गेलेली. बॅटरीवर बावीस टक्के.
आधी वाटलं, दोघांनी एकदम बटण दाबलं असेल.
नव्हतं. एकच गिऱ्हाईक होतं, साक्रीचं.
एकशे दोन बिबड्या शिल्लक होत्या.
माझी अट विचारायची, शंभर आहेत का?
आहेत.
आणि मग वजा करायची एकशे पाच.
विचारताना मी दुकानदार होते,
देताना मावशी.
एक ओळ. अडीच तास लागले
आणि सतरा टक्के.

सकाळी घाबरत गेले.
ती अंगणात होती, घाट्याच्या पातेल्यापाशी,
वाफेत निम्मी दिसत नव्हती.
उणे तीन, म्हटलं.
"म्हंजे?"
म्हणजे नाहीत, आणि वर तीन देणं आहे.
"मंग उसन्या म्हन ना."
तीन दिवस भिजवलेल्या ज्वारीचा आंबूस वास,
वाटीभर तीळ, लसूण.
ओलं धोतर खाटेवर ताणून
ती पळीनं गोल टाकत गेली, बोटांनी पसरवत.
मोजत नव्हती.
मी मोजत होते.
एकेचाळिसाव्याला तिनं माझ्या हातात पळी दिली.
माझी पहिली लांबट झाली, पपईसारखी.
"असू दे. ते वरकडात जाईन."

दुपारी खोलीत परत. तारवाले जेवायला गेलेले.
दुरुस्त केलेली ओळ वर चढवली.
साठा शून्य असला की लाल अक्षरांत यायचं,
'माल संपला'.
ते खोडलं.
थोडा वेळ नुसता कर्सर लुकलुकत होता.
मग लिहिलं,
'वाळताहेत. गुरुवारी बघा.'

आभाळ आलं तर शुक्रवार.
त्याची अट अजून लिहायचीय.